पवनचक्की, रात्रीची झोप आणि कागदावरचे डेसिबल

चाळकेवाडीच्या पठारावर फोटो काढायला जाणाऱ्या पुणेकरांना पवनचक्कीचा आवाज फारसा खुपत नाही. दिवसा गाड्या असतात, गप्पा असतात, अंगावर वारा असतो. पण पवनचक्क्यांजवळ राहणारा कुणी "रात्री झोप लागत नाही" म्हणाला, की त्याला दोनच उत्तरे मिळतात. एक, "मनाचे खेळ आहेत." दुसरे व्हॉट्सॲपवरचे, "ऐकू न येणाऱ्या लहरींनी हृदयरोग होतो." दोन्ही चुकीची आहेत.

आधी दुसरे. ऑस्ट्रेलियात ३७ जणांना सलग ७२ तास अशा लहरींमध्ये ठेवून तपासले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात झोपेवर किंवा हृदयावर परिणाम दिसला नाही. तेव्हा ती भीती सोडा.

त्रास देतो तो ऐकू येणारा आवाज. पात्याच्या पृष्ठभागालगत हवा खळबळते आणि मागच्या धारेवरून सुटताना "हुश्श" करते. टोकाकडचा वेग सर्वात जास्त, म्हणून आवाजही तिथेच जास्त. वेग दुप्पट झाला तर हा आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. शिवाय कड्यावरून उसळलेला किंवा पुढच्या पवनचक्कीने घुसळलेला वारा पात्याच्या पुढच्या धारेवर आदळला, की खालच्या पट्टीतला वेगळा आवाज त्यात मिसळतो. रात्री जमिनीलगत वारा पडतो, वर मात्र वाहत असतो. गाव शांत आणि पाती फिरती. म्हणून तोच आवाज रात्री उठून दिसतो.

आता हिशोब करू. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पवनचक्की घरापासून ५०० मीटरच्या आत नको. मोठ्या पवनचक्कीची ध्वनिशक्ती साधारण १०५ डेसिबल धरा. मोकळ्या जागेत ५०० मीटरवर त्यातले सुमारे ४२ डेसिबल पोचतात. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५. म्हणजे ठीक. पण तेवढ्याच अंतरावर दोन पवनचक्क्या असतील तर ४५ होतात, चार असतील तर ४८. अंतराचा नियम पाळूनही मर्यादा मोडली! आणि यात खळबळत्या वाऱ्याची भर धरलेलीच नाही.

कॅनडात १,२३८ लोकांच्या सरकारी अभ्यासात आवाज वाढला तसा वैताग वाढला. झोपेच्या तक्रारी मात्र वाढल्या नाहीत. पण तिथे आवाज ४६ डेसिबलपर्यंतच होता. त्याचा आधार घेऊन ४८ ला "निर्धोक" म्हणणे ही लबाडी आहे.

पवनऊर्जा मला हवी आहे. कोळशाच्या धुराने फुप्फुसांचे काय होते, हे डॉक्टरांना सांगायला नको. पण स्वच्छ वीज शहराला आणि जागरण खेड्याला, हा व्यवहार मान्य नाही.

तुमचे गाव अशा प्रकल्पाजवळ असेल तर ग्रामसभेत तीन गोष्टी मागा. अंदाज सगळ्या पवनचक्क्यांचा मिळून आणि तिथल्या डोंगरउताराचा वारा धरून काढलेला हवा. पाती फिरू लागल्यावर रात्री घराजवळ मोजणी हवी. आकडा मर्यादेबाहेर गेला तर रात्री पात्यांचा वेग कमी करण्याची लेखी हमी हवी. तशी सोय आधुनिक यंत्रांत असते.

झोप उडालीच असेल तर डॉक्टरांना जरूर भेटा. घोरणे, थायरॉईड, चिंता ही कारणेही तपासून घ्या. पण यंत्राच्या आवाजावरचा उपाय म्हणून झोपेची गोळी घेऊ नका. उपचार यंत्राला हवा.