उरलेले एक मत



१९३२ च्या ऑगस्टमधील जातीय निवाड्याने अस्पृश्यांस दोन मते देऊ केली होती. २४ सप्टेंबरला येरवडा तुरुंगातील कराराने विभक्त मतदारसंघातील मत गेले. उरलेले एक मत घटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढाचे केले. तेही आपली कित्येक मुले दवडीत आहेत! पुण्याच्या वसतिगृहात शिकणाऱ्या तुमच्या मुलामुलीस अठरा वर्षे पुरी झाली. नाव कोणत्या यादीत आहे, हे कधी विचारलेत काय? ‘मतदानास गावी कोण जाणार?’ ही सबब लंगडी आहे. संस्थाप्रमुखाचा दाखला जोडून वसतिगृहाच्या पत्त्यावरही नमुना ६ भरता येतो. जयंतीची वर्गणी दारोदार जमविणाऱ्या विद्यार्थ्यांनी आता खोल्याखोल्यांतून फिरावे. मग ताडीवाला रस्त्याच्या वस्तीत जाऊन भाडेकऱ्यांची व नव्या सुनांची नावे आधी तपासावीत.