मी बसते खाली, तुम्ही या जाऊन!

मैत्रिणींनो, एखाद्या गडाच्या पायथ्याशी कधी नीट बघितलंय? चहाच्या टपरीच्या बाकावर, गाडीच्या पायरीवर पाच-सहा बायका बसलेल्या असतात. मांडीवर पर्स, पायाशी चार पिशव्या, एकीच्या कुशीत झोपलेलं लेकरू. बाकीचं घर वर गेलेलं असतं. आणि ह्या? "मी बसते खाली, तुम्ही या जाऊन!" हे वाक्य मी आईच्या तोंडून ऐकलं, सासूबाईंच्या तोंडून ऐकलं आणि खोटं कशाला सांगू, प्रतापगडाखाली मी स्वतः दोनदा म्हटलंय.

म्हणूनच आमच्या वस्तीतल्या बचत गटाने सहलीचं ठरवलं तेव्हा मी पहिली अट घातली, खाली कुणी बसायचं नाही. बावीस जणी. पोळ्या लाटणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या. वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि तीन दिवसांची गाइडसह टूर घेतली. महाबळेश्वर, प्रतापगड, रायगड आणि मुरुड-जंजिरा. म्हणजे घाटमाथा झाला, गड झाले आणि समुद्रातलं बेटही झालं.

अशा धावत्या टूरला नावं ठेवायची आपल्याकडे फॅशन आहे. मी ठेवणार नाही. आमच्यातल्या निम्म्या जणी नवरा किंवा मुलगा बरोबर नसताना पहिल्यांदाच पुण्याबाहेर पडल्या होत्या. राहायचं कुठे, जेवायचं काय, रात्री गाडी कुठे लागेल ही सगळी काळजी कुणीतरी घेतंय, या एका गोष्टीमुळे घरून परवानगी मिळाली. हे काही थोडं नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. टूर आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बाई नसते.

पहिल्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वरला गोमुखातून पाच नद्यांचं पाणी बघितलं. दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाट उतरून महाडच्या बाजूला आलो, तर नदी लागली. "ही कोणती हो?" एका मावशींनी विचारलं. सावित्री! काल गोमुखात भेटलेली तीच, पुढे बाणकोटला समुद्राला मिळणारी. मावशींनी खिडकीतून हात जोडले. गाइड मात्र घड्याळाकडे बघत होता. "पॉइंट" नव्हता ना तो!

याच मावशी रायगडावर चक्कर येऊन बसल्या. वय अठ्ठावन्न. रोपवेने आलेल्या, म्हणजे पायऱ्यांचा दम नव्हे. खोदून विचारलं तेव्हा कळलं, सकाळपासून बाईंनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. का? तर वाटेत जायची सोय मिळेल न मिळेल. आदल्या दिवशी एका थांब्यावर कुलूप होतं, दुसऱ्या ठिकाणी आत पाय ठेववत नव्हता. गाडीत पुरुष ड्रायव्हर, पुरुष गाइड. त्यांना "गाडी थांबवा" म्हणायचं कसं? मग पाणीच प्यायचं नाही, हा सोपा उपाय. हात वर करायला सांगितले, तर बावीसपैकी चौदा जणींनी तेच केलं होतं. उन्हात, गडावर, न पिता फिरायचं आणि घरी येऊन लघवीची जळजळ अंगावर काढायची!

आणि हे सगळं आम्ही कुठे बसून बोलत होतो? राणीवशाजवळ. तिथे सहा महालांची जोती आहेत आणि प्रत्येक महालाला स्वतंत्र शौचकूप आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी, डोंगराच्या माथ्यावर, हिरोजी इंदुलकरांना ही गरज समजली होती. आजच्या टूरच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत मात्र नाश्ता, जेवण, चहा सगळ्यांची वेळ असते, याची नसते.

दुसरी गोष्ट, गाइडच्या तोंडची. प्रतापगडावर त्याने १० नोव्हेंबर १६५९ चा प्रसंग असा रंगवला की अंगावर काटा आला. रायगडावर हिरकणीची गोष्टही छान सांगितली. पण येसूबाईंचं नाव नाही. १६८९ मध्ये संभाजीराजांच्या हत्येनंतर याच गडाला वेढा पडला. राजाराम महाराजांना बाहेर काढून त्या लहानग्या शाहूसह मागे राहिल्या, मोगलांच्या कैदेत गेल्या आणि परतल्या त्या १७१९ मध्ये! तीस वर्षं! हिरकणी बाळासाठी कडा उतरली, येसूबाई राज्यासाठी कैदेत गेल्या. आमच्या पोरीबाळींना दोघी कळायला हव्यात की नको?

तिसरी गोष्ट वेळेची. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकताना साडी सावरायची की तोल? पाऊण तासात परत यायचं होतं. त्यातली दहा मिनिटं उतरण्यातच गेली. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याचं तळं, हे आश्चर्य लांबूनच बघितलं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, रायगड आणि प्रतापगडही त्यांत. आनंदच आहे. आता गर्दी वाढेल, टूर वाढतील. तर बुकिंग करताना आपण चार प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ या. दर दोन तासांनी स्वच्छ स्वच्छतागृह असलेला थांबा आहे का, आणि तो कागदावर लिहून देता का? रायगडाला निदान तीन तास देता का? नाही तर एखादा सूर्यास्त पॉइंट गाळा. सामान गाडीत कुलपात राहील ना, की त्यावर बाईच बसवायची? आणि गाइड म्हणून बाई का नाही? महाडच्या, मुरुडच्या मुलींना शिकवा, उत्तम काम करतील.

थोडं आपणही सुधारायला हवं. पहाटे उठून चाळीस पोळ्यांचा डबा कशाला? जेवण टूरच्या पैशांत असतं. चढायला चप्पल नको, बूट घाला. पाणी प्या आणि बिनधास्त गाडी थांबवा. तिसऱ्या दिवशी ताम्हिणीच्या अलीकडे त्याच मावशींनी ओरडून गाडी थांबवली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या!

जाता जाता एक. रायगडाच्या पायथ्याला पाचाड आहे. वरचा गार वारा सोसेना म्हणून महाराजांनी जिजाऊंसाठी तिथे वाडा बांधला. आमच्या गाडीने तो चालत्या खिडकीतून दाखवला. जिजाऊ खाली राहात, हे खरं. पण ६ जून १६७४ ला, राज्याभिषेकाच्या दिवशी, त्या वर होत्या. नंतर बाराच दिवसांत त्या गेल्या, तरी तो सोहळा डोळे भरून बघून गेल्या.

आपणही आपल्या वाट्याचं डोळे भरून बघू या. पिशव्या राहू द्यात खाली!