बोट सुटायला अजून आठ तास!

मी कॉन्व्हेंटचा. माझं मराठी कसं आहे ते होस्टेलवर सगळ्यांना माहीत आहे. तरी हा विषय मराठीतच लिहितोय, कारण यातले डायलॉग इंग्लिशमध्ये होऊच शकत नाहीत.

झालं असं, की आई-बाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आत्याने त्यांना मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं दिली. आर्वीहून पुलगाव, तिथून विदर्भ एक्स्प्रेस, आणि सकाळी सातच्या सुमारास आम्ही तिघं सीएसएमटीला. मी फक्त पोचवायला. बोर्डिंग दुपारी तीनला. म्हणजे मधे आठ तास!

या आठ तासांवर सल्ले भरपूर मिळाले होते. रूममेट म्हणाला, मॉलमध्ये एसीत बसा. काका म्हणाले, टॅक्सी ठरवा, दहा पॉइंट होतात. आईचं मत वेगळंच. थेट बंदरावर जायचं आणि बॅगांवर बसायचं. "गाडी सुटली म्हंजे?" (बोटीलाही ती गाडीच म्हणते.) आपल्याकडचे निम्मे लोक आईच्याच पार्टीत असतात. पुलगावची एसटी असो की गोव्याची बोट, दोन तास आधी जाऊन सामान राखत बसायचं. पण मला हे तिन्ही सल्ले पटत नाहीत. दहा पॉइंटवाल्याला शेवटी फोटोच आठवतात, आणि मॉल तर नागपूरलाही आहे. माझं म्हणणं, सामान क्लोक रूममध्ये टाका (बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत) आणि ज्या बंदरातून जायचं ते बंदर आपलं कोण लागतं, ते चालत चालत बघा.

आता बंदराचं आणि आर्वीचं काय नातं? बाबा जिनिंग-प्रेसिंगमध्ये आहेत. बावीस वर्षं कापसाच्या गाठी बांधताहेत, एकेक गाठ १७० किलोची. पुलगाव-आर्वी नॅरोगेज रेल्वे १९१७ ला सुरू झाली तीच मुळी कापसासाठी, आणि ती चालवणारी किलिक निक्सन कंपनी मुंबईची. त्या गाडीत बाबा लहानपणी बसलेले आहेत. आता ती बंद आहे. आपला कापूस जायचा तो याच मुंबई बंदराकडे, आणि बाबांनी बंदर कधी पाहिलेलं नव्हतं.

सीएसएमटीहून जीपीओच्या बाजूने बॅलार्ड इस्टेट वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. आई दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती ते सोडा. तिथल्या एकसारख्या दगडी इमारती जॉर्ज विटेटच्या डिझाइनच्या, आणि खालची जमीन अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक खोदताना निघालेल्या भरावाची. सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी!

समुद्र मात्र दिसत नाही. बंदराची लांबलचक भिंत आड येते. त्या भिंतीच्या सावलीत चहा पिताना मला सेफ्टीच्या तासाला सरांनी सांगितलेलं आठवलं, ते मी बाबांना सांगितलं. १४ एप्रिल १९४४. इथून थोडं उत्तरेला, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाची बोट उभी होती. आत सुमारे १,४०० टन स्फोटकं, आणि कराचीत भरलेल्या ८,७०० कापसाच्या गाठी. दुपारी गाठींतून धूर दिसला. बंबवाले पाणी मारत राहिले, आग काही सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी बोट फुटली. पेटत्या गाठी शहरावर येऊन पडल्या. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान. देशात १४ एप्रिलला अग्निशमन दिन असतो तो यामुळे. आपल्याकडे त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, त्यामुळे तारखेची ही बाजू मला इंजिनिअरिंगला येईपर्यंत माहीतच नव्हती.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वरून पानी मारून का होते बे? गाठ अंदरून धुमसते. ते फोडा लागते."

बस्स. सरांनी अख्ख्या तासात जे शिकवलं ते या माणसाने चहा संपायच्या आत सांगितलं. दाबलेल्या कापसात पाणी शिरत नाही, हे त्यांना हाताने माहीत आहे. मग गाठी कुठे कशा रचतात, एका बोटीत किती मावतात, आता कुठून जातात, असे प्रश्न सुरू झाले. मी सांगितलं, कंटेनरचा बराचसा व्यवहार आता पलीकडे न्हावाशेवाला, ते बंदर १९८९ ला झालं. घरी माझ्या अभ्यासाबद्दल बाबा "पास झाला का?" एवढंच विचारतात. त्या दिवशी आम्ही दोन कामगार लोक बोलावेत तसे बोललो. मॉलमध्ये हे झालं असतं का? आणि बॅगांवर बसून तर नाहीच नाही.

पाय दुखले, ऊन लागलं, आईने मला चार वेळा शिव्या घातल्या, हेही लिहायला पाहिजे. ग्रीन गेटवर आम्ही एक तास आधीच पोचलो होतो. आत मला सोडेनात. बाबा वळून म्हणाले, "तुही गाडी सातची ना? मंग बसू नको इथं."

मी हार्बर लाइनने कॉटन ग्रीनला गेलो. तिथे कॉटन एक्स्चेंजची जुनी इमारत आहे, ती रस्त्यावरून पाहिली. कापूस कुठे दिसला नाही. सव्वासहाला परत सीएसएमटीला आलो.