मडी नदीच्या खोऱ्याचा अर्धा इतिहास

अमेरिकेतील मॉर्मन वसाहतींची कथा सहसा एकाच सुरात सांगितली जाते. छळाला कंटाळून निघालेल्या श्रद्धाळू माणसांनी ओसाड जमिनीवर पाणी आणले आणि वाळवंट फुलवले. ही कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. किती अपुरी, ते नेवाडातल्या मडी नदीच्या खोऱ्यात कळते.

१८४४ मध्ये इलिनॉयमध्ये जमावाने पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची हत्या केली. ब्रिगहॅम यंग यांनी अनुयायांना पश्चिमेकडे नेले आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात तळ पडला. तिथून यंग यांनी चहूकडे वसाहती वसवल्या. चर्चकडून नाव पुकारले गेले की कुटुंबे चालते घर सोडून निघत. यादवी युद्धामुळे दक्षिणेचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा १८६१ मध्ये तीनशेहून अधिक कुटुंबांना कापूस पिकवण्यासाठी दक्षिण युटातल्या सेंट जॉर्जला धाडण्यात आले. जानेवारी १८६५ मध्ये थॉमस स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली काही कुटुंबे आणखी खाली उतरली आणि मडी व व्हर्जिन नद्यांच्या संगमाजवळ सेंट थॉमस वसले.

त्यांच्या कष्टांना तोड नव्हती. भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात त्यांनी पाट खोदले, गहू आणि कापूस घेतला, कच्च्या विटांची घरे बांधली. रोख पैसा जवळजवळ नव्हताच, व्यवहार धान्यावर चाले.

ही वसाहत मोडली ती वाळवंटामुळे नव्हे, सरहद्दीमुळे. अमेरिकी काँग्रेसने १८६६ मध्ये नेवाडाची हद्द पूर्वेकडे वाढवली होती. वसाहतकऱ्यांची समजूत मात्र आपण युटा किंवा ॲरिझोनात आहोत अशीच होती. १८७० च्या मोजणीने ती चुकीची ठरवली आणि नेवाडाने मागच्या वर्षांचाही कर मागितला, तोही सोन्याच्या रूपात. डॅनियल बोनेली यांचे कुटुंब मागे राहिले. बाकी जवळजवळ सगळे १८७१ च्या आरंभी शेते आणि पाट तसेच टाकून निघून गेले. त्यातल्या अनेकांनी पुढे युटात ऑर्डरव्हिल उभारले, जिथे मालमत्ता सामायिक होती.

हे सारे मन हेलावणारे आहे. पण याच खोऱ्यात आधीपासून दक्षिणी पायूट लोक मका, भोपळा आणि घेवडा पिकवत होते, तेही नदीचे पाणी शेतात वळवून. ‘ओसाड’ जमीन म्हणजे त्यांचीच जमीन. नव्या जनावरांनी त्यांच्या अन्नाचे गवतबी फस्त केले, उत्तम जमीन आणि पाणी इतरांकडे गेले. १८७४ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी सुमारे २० लाख एकर राखून ठेवले आणि अवघ्या वर्षभरात ते एक हजार एकरांवर आणले. मॉर्मनांनी सोडलेल्या घरांची आठवण जपणाऱ्यांनी या दोन आकड्यांकडेही पाहायला हवे.

सेंट थॉमसमध्ये १८८० च्या दशकात मॉर्मन परतले. हूवर धरण झाल्यावर १९३८ मध्ये गाव मीड जलाशयाखाली गेले. एकविसाव्या शतकातल्या दुष्काळात जलाशय आटला, तेव्हा घरांचे पाये उघडे पडले आणि आता प्रवासी ते पाहायला जातात. तिथे वसाहतकऱ्यांच्या धैर्याची गोष्ट जरूर सांगितली जावी, पण तिची सुरुवात १८६५ पासून करणे अन्यायाचे आहे. पहिले पान पायूटांच्या मक्याच्या शेतांचे असले पाहिजे.

कारण ते लोक नाहीसे झालेले नाहीत. १९८० मध्ये याच खोऱ्यातल्या मोआपा पायूटांना सुमारे ७० हजार एकर जमीन परत मिळाली. २०१७ मध्ये त्यांच्या जमिनीवर २५० मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला आणि तिथली वीज लॉस एंजलिसला जाते.