मूलपेशींचा बाजार आणि चिकलठाण्याचा कामगार

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील औषध कारखान्यांतून एक गोळीसुद्धा तपासणीवाचून फाटकाबाहेर पडता कामा नये, असा दंडक आहे. प्रत्येक बॅचला क्रमांक असतो, प्रत्येक क्रमांकामागे नोंदवही असते. उत्पादनाच्या शिस्तीत खोट निघाली तर काय होते, हे या वसाहतीने २०१३ साली पाहिले आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वोक्हार्टच्या येथील कारखान्याच्या मालावर तेव्हा आयातबंदी घातली होती. गोळीच्या बाबतीत कायदा इतका दक्ष! परंतु तीच गोळी बनविणाऱ्या कामगाराचे मूल मेंदूच्या विकाराने अधू असेल आणि एखाद्या खासगी दवाखान्याने त्याला ‘स्टेम सेल’चे इंजेक्शन सुचविले, तर त्या इंजेक्शनाची बॅच कोणी तपासली, हे त्या बापाने कोणाला विचारावे?

या व्यापाराची सारी भिस्त एका अर्धसत्यावर आहे. मूलपेशीपासून शरीरातील नाना प्रकारच्या पेशी घडू शकतात, हे सत्य. म्हणून ती शरीरात टोचली की हवे ते इंद्रिय आपोआप दुरुस्त होते, ही थाप. मूलपेशीचे भवितव्य तिच्या भोवतालच्या परिसरावर अवलंबून असते, ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ रे स्कोफील्ड यांनी १९७८ सालीच मांडली होती. २००६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झालेल्या प्रयोगांनी तिला नवे बळ दिले. एकाच जातीच्या मूलपेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर ठेवल्या तर मज्जापेशींचे गुण दाखवू लागल्या, स्नायूइतक्या ताठ जेलवर स्नायूचे, आणि त्याहून कठीण जेलवर हाडाचे. त्या शोधनिबंधाचे एक लेखक शामिक सेन पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. २००९ साली नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या आतड्यातील एकच मूलपेशी जेलमध्ये चहूबाजूंनी वेढून, वाढीचे नेमके घटक देऊन जोपासली गेली, तेव्हा तिच्यातून चिमुकल्या आतड्याची रचना उभी राहिली. काचेच्या सपाट बशीत जे साधत नव्हते, ते त्रिमितीय परिसराने साधले.

याचा अर्थ सरळ आहे. बी कितीही सकस असले तरी ते फरशीवर फेकून पीक येत नाही. रक्ताच्या रोगांत अस्थिमज्जेचे रोपण यशस्वी होते, कारण तेथे मूलपेशी आपल्या स्वाभाविक घरी, मज्जेत, परततात. पाठीच्या कण्यात वा गुडघ्यात टोचलेल्या पेशीला तेथे कोणता परिसर लाभणार आणि ती त्यात काय होणार, याचे उत्तर चाचणीवाचून मिळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी म्हणूनच रक्तजनक मूलपेशींचे रोपण वगळता अन्य कोणताही वापर रूढ उपचार म्हणून मान्य केला नाही. तो केवळ नियमबद्ध चाचणीतच व्हावा, असे सांगितले. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनी तर मूलपेशीजन्य उत्पादनाला नवीन औषधाच्या व्याख्येतच बसविले. म्हणजे कायद्याने ते चिकलठाण्याच्या गोळीसारखेच औषध आहे. मग एकाला नोंदवही आणि दुसऱ्याला मोकळे रान, हा कोणता न्याय?

यावर बाजाराचे वकील म्हणतात की नियमांनी संशोधनाचा गळा आवळला जातो. हे खरे नाही. बंगळुरूच्या स्टेम्प्यूटिक्स कंपनीच्या मूलपेशींच्या औषधाला, पायाच्या रक्तवाहिन्यांच्या गंभीर विकारासाठी, केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२० साली मान्यता दिली, ती चाचण्यांनंतरच. जे चाचणीला उतरते त्याला नियम अडवीत नाहीत. दुसरा युक्तिवाद असा की, हताश माणसाची आशा हिरावून घेऊ नये. परंतु आशा ही विक्रीची वस्तू झाली की तिची किंमत सावकाराच्या दारात जाऊन ठरते. आणि निष्फळ ठरलेल्या इंजेक्शनाबरोबर केवळ पैसा जात नाही, तर मुलाच्या नियमित व्यायामोपचाराचा मोलाचा काळही जातो.

केवळ बंदीची मागणी करूनही भागणार नाही. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि मुंबईची आयआयटी जनतेच्या पैशावर उभी आहेत. १९५६ साली स्थापन झालेले घाटीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि ज्याला लोक ‘मिनी घाटी’ म्हणतात ते चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय, हीही जनतेचीच. २०२३ च्या दुरुस्तीने औषधांच्या परीक्षणात प्राण्यांऐवजी त्रिमितीय संवर्धनात वाढविलेल्या अशा लघुइंद्रियांचा वापर करण्याची वाट भारतात मोकळी झाली आहे. औषध कारखान्यांच्या या वसाहतीशेजारी तशी सार्वजनिक प्रयोगशाळा का उभी राहू नये? मराठवाड्याने औषधे बनवायची आणि त्यांचे ज्ञान मात्र इतरत्र विकत घ्यायचे, ही वाटणी कोणी ठरविली?

तोवर कार्यकर्त्यांनी फाटकसभेत तीन प्रश्न शिकवावेत. ही चाचणी राष्ट्रीय नोंदणीत आहे काय? तिला नीतिसमितीची मान्यता आहे काय? आणि ही चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे कशासाठी? तिसऱ्या प्रश्नाला पावतीपुस्तक उत्तर देऊ लागले, की समजावे, तेथे विज्ञान नाही, दुकान आहे.