पावसाळ्याआधी सुईणींना बोलवा

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी,
पुणे जिल्हा परिषद

महोदय,

बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, याबद्दल दुमत नाही. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, 2011 पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती मोफत झाली, पुढे 108 रुग्णवाहिका आली. पण पावसाळ्यात भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरात दरड कोसळते, ओढ्याला पाणी येतं, धनगरवाड्यावर गाडी पोचत नाही. रस्ता मोकळा होईपर्यंत कळा थांबत नाहीत. अशा रात्री पहिली हाक सुईणीलाच जाते.

पूर्वी विळ्याने नाळ कापत, वर राख लावत, चीक पिळून टाकत. शिकलेली सुईण साबणाने कोपरापर्यंत हात धुते. बाळ पुसून आईच्या उघड्या पोटावर ठेवते. नाळेचे ठोके थांबले की उकळलेल्या दोऱ्याने दोन ठिकाणी बांधते, नव्या ब्लेडने मधोमध कापते आणि वर काहीही लावत नाही. तासाभरात बाळाला छातीशी घ्यायला लावते. धनुर्वाताच्या लसीच्या जोडीला ही स्वच्छता आली, म्हणून तर 2015 मध्ये भारत माता व नवजात धनुर्वातातून मुक्त ठरला.

पण 2005 नंतर सगळा भर आशाताई आणि दवाखान्यावर आला, सुईणींचं शिक्षण मागे पडलं. वार अडकली तर ओढायची नाही, पोट दाबून बाळ बाहेर काढायचं नाही, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली तर तो वाढलेला रक्तदाब असू शकतो, हे तिला कुणी सांगायचं? अंगावरून रक्त जायचं थांबलं नाही, तर बाळंतीण दोन-चार तासांतही हातची जाते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच आरोग्यदूतांना आणि सुईणींना शिकवलं. तिथल्या नवजात मृत्यूंचं प्रमाण सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. महाराष्ट्रानेच घालून दिलेला हा धडा आहे.

म्हणून तीन मागण्या. आशाताईंकडून दोन्ही तालुक्यांतल्या सुईणींची यादी करून घ्या. दरवर्षी मे महिन्यात त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलवा, हात धरून शिकवा, भाडं आणि बुडालेली मजुरी द्या, प्रसूतीचं निर्जंतुक पाकीट हाती ठेवा. आणि बाई दवाखान्यात आली की सोबत आलेल्या सुईणीला दाराबाहेर बसवू नका. कळांमध्ये ओळखीचा हात मोठा आधार असतो.

आपली बाळंतीण सुखरूप सुटावी, हीच सुईणीचीही इच्छा आहे. तिला आपल्यात घ्या.

आपली,
राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील एक शिक्षिका