कच्ची मासळी? नको गं बाई!

माथेरानच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे, "मुंबईला शिकणारी मुलगी सुट्टीत घरी येते आहे. तिकडे भातावर कच्च्या मासळीचे तुकडे घालून बाऊल देतात, तसाच घरी कर म्हणून तिचा हट्ट आहे. सूनबाईलाही चव बघायची आहे. तिला पाचवा महिना आहे. करू का?"

ताई, बाऊल हौसेने करा, पण मासळी शिजवूनच घाला.

हा पदार्थ मूळचा हवाई बेटांचा. त्याला 'पोके' म्हणतात. ताज्या कुप्याचे म्हणजे ट्यूनाचे तुकडे, सोया सॉस आणि तिळाचे तेल हा त्याचा थाट. कच्ची खायची मासळी पकडल्यापासून सतत गारठ्यात ठेवावी लागते. तुमच्याकडे ती बंदरावरून बाजारात, तिथून नेरळला, मग घाट चढून दस्तुरी नाक्याला येणार. तिथे मोटार थांबते. पुढे घोडा नाहीतर हातगाडी! एवढ्या प्रवासात बर्फ कुठे विरघळला, कोण सांगणार?

"फ्रीजमध्ये ठेवली की झालं," असे कोणी म्हणेल. मासळीतले जंत मरायला उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस लागतात. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुधा इतका गार होत नाही. शिवाय गारठ्याने सगळे रोगजंतू मरत नाहीतच. लिंबू पिळल्यावर मासळी पांढरी पडते, शिजल्यासारखी दिसते, पण ती कच्चीच असते बरं का! सूनबाईने तर चाखूनही बघू नये. काही जंतूंची बाधा पोटातल्या बाळापर्यंत पोचते.

आणखी एक. बांगडा, कुपा, सुरमई गारठ्याबाहेर राहिली, तर तिच्यात हिस्टामाइन नावाचे द्रव्य वाढते. ते शिजवूनही जात नाही. म्हणून शिजवायची मासळीही बर्फातलीच घ्यावी.

आता कृती. चौघांना पुरेल.

साहित्य: २ वाट्या तांदूळ, अर्धा किलो सोललेली कोळंबी, १ काकडी, १ गाजर, १ कांदा, थोडी कैरी, कोथिंबीर, २ चमचे भाजलेले तीळ. रसासाठी ३ चमचे सोया सॉस, १ लिंबू, किसलेले आले, सुपारीएवढा गूळ, १ चमचा तिळाचे तेल.

कृती: तांदूळ पायथ्याचाच घ्या. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या वाणांना गावाचेच नाव आहे! भात मऊ शिजवावा. कोळंबीतला काळा दोरा काढून ती स्वच्छ धुवावी. हळद व किंचित मीठ लावून थोड्या तेलावर परतावी. आतपर्यंत गुलाबी-पांढरी झाली, पारदर्शकपणा गेला, की उतरवावी. फार वेळ ठेवल्यास वातड होते. भाज्या धुऊन बारीक चिराव्यात. रसाचे साहित्य गूळ विरघळेपर्यंत ढवळावे. खोलगट वाडग्यात कोमट भात, वर कोळंबी व भाज्या मांडून रस आणि तीळ घालावेत. सोया सॉस खारट असतो, तेव्हा मीठ बेताने.

कोळंबी मिळाली नाही, तर काटे काढलेल्या सुरमईचे तुकडे तव्यावर पूर्ण शिजवून घ्यावेत.

वाढायच्या वेळेलाच वाडगे भरावेत. भात आणि मासळी तासन्‌तास बाहेर ठेवू नये, आणि उरलेला बाऊल दुसऱ्या दिवशी कोणालाच देऊ नये.